सात नंबरचे पाटील, अकरा नंबरचे पाटील

कोल्हापुरातल्या कुठल्याही पुरुष मेडिसिन वॉर्डात एका वेळी दोन-तीन पाटील नसले, तर समजावं की आज पेशंटच कमी आहेत. त्या जुलैत आमच्या वॉर्डात दोन होते. एक सात नंबरच्या कॉटवर, दुसरे अकरा नंबरवर. पहाटे साडेचारच्या सुमारास एकाचं औषध दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं गेलं. लिहिणारी पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेणारी निवासी डॉक्टर, आमच्या भाषेत जेआर-वन. औषध शिरेत गेलं नाही आणि दोन्ही पेशंट चालत घरी गेले, त्यामुळे नेहमीच्या रीतीनं हे प्रकरण कुठल्याच रजिस्टरमध्ये चढलं नसतं. मी त्या युनिटमधला सिनियर. त्या रात्री मीही कॉलवर होतो. म्हणजे घरी झोपलो होतो.

संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हॉस्पिटलचं नाव देत नाही. रेसिडेंट, रुग्ण, कुणाचंच नाव नाही.

आधी आमची घडी कशी असते ते सांगतो. प्रत्येक युनिटला आठवड्यातला एक दिवस इमर्जन्सी. सकाळी नऊपासून दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत कॅज्युअल्टीतून, म्हणजे तातडीच्या विभागातून, येणारा मेडिसिनचा प्रत्येक पेशंट त्या युनिटचा. दुसऱ्या दिवशी नऊला इमर्जन्सी संपते, ड्युटी संपत नाही. रात्रीत भरती झालेल्या सगळ्यांचा राउंड, त्यांचे तपास, सोनोग्राफीच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डं हे सगळं करून जेआर-वन संध्याकाळी सुटते. कागदावर आमच्याकडे सहा रेसिडेंट. त्या आठवड्यात थर्ड इयरचे दोघं परीक्षेच्या रजेवर, दुसरी जेआर-वन डेंग्यूनं स्वतःच अ‍ॅडमिट. उरले तीन. त्यातला एक आयसीयूला बांधलेला, दुसरा कॅज्युअल्टीत. वॉर्ड हिच्या एकटीवर.

बाहेर पावसानं झोड उठवली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून वर चढत होती, आणि ४३ ची धोका पातळी कधी गाठते याची चर्चा पेशंटच्या नातेवाइकांपासून लिफ्टच्या मामांपर्यंत सगळीकडे चालली होती. पूर आला की आमच्याकडे दोन गोष्टी होतात. पेशंट उशिरा पोहोचतो, आणि पोहोचतो तेव्हा जास्त बिघडलेला असतो.

अकरा नंबरचे पाटील असेच आलेले. पन्हाळा तालुक्यातले, चाळिशीचे. भाताची लावण करताना घोणस चावली. ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरची लस मिळाली, पण केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलेलं, वळसा घालून इथं यायला रविवार उजाडला. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती तर घालवतंच, अनेकांची किडनीही बंद पाडतं. यांचं तेच झालं होतं. सोमवारी संध्याकाळी पोटॅशियम ५.८, म्हणजे वाढलेलं, मंगळवारी सकाळी डायलिसिस ठरलेलं.

सात नंबरचे पाटील बावीस वर्षांचं पोर. टाइप वन मधुमेह, गावात पाणी शिरल्यावर घर सोडलं आणि इन्सुलिनची पेटी फ्रिजमध्येच राहिली. सोमवारी रात्री धापा टाकत आला, रक्तात आम्ल साचलेलं. इन्सुलिनची ड्रिप सुरू झाली. अशा पेशंटचं पोटॅशियम सुरुवातीला चढं दिसतं आणि इन्सुलिन पेशींमध्ये पोटॅशियम ढकलायला लागलं की भराभर उतरतं. म्हणून दर दोन तासांनी तपासायचं असतं. दहाला ५.४ होतं. बाराचा नमुना राहिला, कारण बाराला ती एका झटके आलेल्या पेशंटबरोबर सीटी स्कॅनला गेली होती. ट्रॉली ढकलायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच आणि तो रक्तपेढीत. दोनचाही राहिला.

साडेतीनला तिनं दोन्ही पाटलांचं रक्त घेतलं. त्यानंतर अकरा नंबरच्या भावानं गेटबाहेरच्या टपरीवरून तिला चहा आणून दिला. “मॅडम, च्या घ्या वाइच. सकाळपासनं बघतोय, बसलाच न्हाईसा तुमी.” चहा घेऊन ती नर्सिंग टेबलाशी बसली. चार दहाला तिचा डोळा लागला. कपात अर्धा चहा तसाच होता, असं नाइटच्या सिस्टरांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी तिला मुद्दामच उठवलं नाही.

चार पस्तीसला टेबलावरचा फोन वाजला. लॅबमधून टेक्निशियन. “मेल मेडिसिन? पाटलांचं पोटॅशियम घ्या, दोन पॉइंट नऊ. लो आहे.” तिनं डाव्या तळहातावर पेनानं लिहिलं: पाटील, २.९. फाइल ओढली, आणि लिहिलं: केसीएल दोन अँप्यूल, पाचशे सलाईनमध्ये, चार तासांत. आकडा बरोबर, हिशेब बरोबर, अक्षरही नेहमीपेक्षा वाईट नव्हतं. फाइल मात्र अकरा नंबरची.

केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडची दहा मिलीची अँप्यूल म्हणजे वीस मिलिइक्विव्हॅलंट. लघवी बंद असलेल्या, आधीच पोटॅशियम ५.८ असलेल्या माणसाला असे चाळीस दिले तर हृदय थांबू शकतं. आणि ज्याला त्या दोन अँप्यूल हव्या होत्या, त्या पोराची इन्सुलिनची ड्रिप पोटॅशियम २.९ असताना तशीच चालू राहिली असती. एका चुकीत दोन पेशंट जाण्याची सोय होती.

सिस्टरांनी अँप्यूल हातात घेतल्या, सलाईनची बाटलीही काढली. मग त्या अकरा नंबरच्या कॉटखाली लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे गेल्या, वाकून बघितलं, परत आल्या. “मॅडम, अकरा नंबरला केसीएल? रात्रभरात पेलाभर लघवी नाही ह्यांची. सकाळी डायलिसिसला न्यायचंय ना?”

रेसिडेंट फाइलकडे बघत राहिली. सिस्टर म्हणतात, दहा-पंधरा सेकंद तरी. मग तळहात बघितला. मग म्हणाली, “मी काय लिहिलंय?”

पुढचं सगळं तिनं चोख केलं. लॅबला फोन करून आयपीडी नंबर, म्हणजे पेशंटचा भरतीचा क्रमांक, विचारला, अकरा नंबरचा कागद खोडून सही केली, त्यांचा ईसीजी काढला, सात नंबरचं इन्सुलिन थांबवून त्याला पोटॅशियम सुरू केलं. मला फोन केला नाही. का, असं मी नंतर विचारलं. “सर, तुम्हाला पहाटे कशाला उठवायचं,” असं उत्तर आलं. हे उत्तर तिला शिकवलं कुणी, याचा विचार करायला मला थोडा वेळ लागला.

माझ्यापर्यंत हे आलं ते सिस्टरांकडून. सकाळी आठला त्यांची नाइट संपली, ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला सगळं सांगून, झाली, तरी त्या माझ्या राउंडची वाट बघत थांबल्या. “सर, एक सांगायचंय. पण मॅडमना बोलू नका. पोरगी चांगली आहे.”

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ती सुटली. हॉस्टेलला खोल्या पुरत नाहीत म्हणून बाहेर राहते. मोपेडवरून जाताना दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला लाल दिवा लागला, तिनं पाय टेकवला आणि तशीच झोपली. मागच्या केएमटी बसच्या हॉर्ननं जाग आली. हे तिनं आठवड्यानं, हसत हसत सांगितलं. असं हसत सांगण्याची आमच्या धंद्यात पद्धत आहे. मीही माझे असे किस्से पार्ट्यांमध्ये रंगवून सांगितलेत.

बहात्तर तासांचा कागद

युनिटच्या बैठकीत पहिला विचार नोटिशीचा झाला. ‘कारणे दाखवा’चा मसुदा टाइपसुद्धा झाला होता: निष्काळजीपणा, रुग्णाची ओळख न पटवता औषध लिहिणे. त्यावर सही माझी व्हायची होती. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. तिनं ओळख पटवली नव्हतीच.

आमच्यातल्या एका ज्युनियर लेक्चररनं मात्र एक कोरा कागद घेतला आणि शनिवारी संध्याकाळी साडेसहापासून मंगळवारी साडेसहापर्यंतचे बहात्तर तास त्यावर आडवे आखले. मग फोनचे कॉल, लॅबच्या वेळा, केसपेपरवरच्या नोंदी जुळवत तिची झोप शोधायला लागला. शनिवारी रात्री सहा तास. रविवारी डेंग्यूवाल्या मैत्रिणीचं काम उरकून सव्वाला आडवी झाली, सोमवारी पावणेसहाला सकाळची रक्तं काढायला उठली, साडेचार तास. सोमवारी रात्री टेबलावर पंचवीस मिनिटं. बेरीज अकरा तास भरत नव्हती.

त्याच कागदावर त्यानं खालच्या बाजूला वॉर्डातल्या इतरांच्या पाळ्या आखल्या. सोमवारी सकाळपासून मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्या टेबलावर सिस्टर पाच वेळा बदलल्या. मामा बदलले, लॅबचा टेक्निशियन बदलला, गेटवरचा सिक्युरिटी बदलला. डॉक्टर एकच. हे आम्हा सगळ्यांना माहीतच होतं, पण एका कागदावर एकाखाली एक असं कधी बघितलं नव्हतं. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीवरच्या माणसाला सलग तीस तास उभं केलं तर मालकाला कायद्याची भीती. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच त्याचा दिवस नऊ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा ठरवला होता. साखर कारखान्याचा गळीत हंगाम महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालतो, पण तोही पाळ्यांवर.

आता त्या पंचवीस मिनिटांकडे परत येतो, कारण माझ्या मते प्रकरणाचं मर्म तिथं आहे. एक तर वेळ. जागेपणात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढत जातो. चहा-कॉफीतलं कॅफीन ते जिथं बसतं ती जागा काही तास अडवून धरतं, साचलेलं कमी करत नाही. दुसरं, शरीराचं घड्याळ. पहाटे तीन ते सहा हा त्याचा सगळ्यात खालचा बिंदू, मग तुम्ही कितीही मुरलेले असा. तेवीस तासांचा जागा मेंदू नेमका या खड्ड्यात होता. आणि तिसरं, तिला झोपेतून ओढून काढलं गेलं होतं. गाढ झोपेतून अचानक उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, एक गुंगी राहते. माणूस बोलतो, लिहितो, बेरीज करतो, पण पूर्ण भानावर आलेला नसतो. फोन, तळहात, फाइल, सही हे सगळं त्या गुंगीतल्या पहिल्या तीन-चार मिनिटांत उरकलं.

तिला पोटॅशियमचं ज्ञान नव्हतं असं नाही. डोस अचूक होता. गेली होती ती शंका. अकरा नंबरचं संध्याकाळचं ५.८ त्याच पानावर, चार ओळी वर लिहिलेलं होतं. किडनी बंद असलेल्या माणसाचं पोटॅशियम रात्रीत निम्मं कसं झालं, हा प्रश्न दुपारी तीनला तिला हमखास पडला असता. पहाटे पडला नाही. आणि आपल्याला प्रश्न पडत नाहीये, हेही कळत नाही. २००३ मधल्या एका प्रसिद्ध अमेरिकन प्रयोगात माणसांना १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली, पण त्यांना स्वतःला मात्र आपण तसे ठीक आहोत असंच वाटत होतं. ‘मला सवय आहे’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे दोनदा वाचावं.

दारूशी तुलनाही झालेली आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका बिघडतो आणि २४ तासांनंतर साधारण ०.१० टक्के असल्यासारखा. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के. दाभोळकर कॉर्नरला पोलिसानं तिला यंत्रात फुंकायला लावलं असतं तर शून्य आलं असतं आणि त्यानं तिला सोडून दिलं असतं.

‘आमच्या वेळी’

बैठकीत हे वाक्य आलंच. मीच म्हणालो, खोटं कशाला सांगू. आमच्या वेळी आम्ही अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तास काढायचो. त्यावर तो लेक्चरर शांतपणे म्हणाला, “सर, तुमच्या वेळी चुका झाल्या नाहीत, का मोजल्या नाहीत?” बैठकीत जरा वेळ कुणी बोललं नाही.

नियम नाहीत असंही नाही. १९९२ च्या केंद्र सरकारच्या रेसिडेन्सी योजनेतच सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तासांची भाषा आहे. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, ते आपापलं ठरवायचं. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलानं आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली. हिचा तो आठवडा ९८ तासांचा होता.

अमेरिकेत या प्रश्नाला तोंड फुटलं ते १९८४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी भरती झाल्यावर काही तासांतच गेली तेव्हा. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्युटीवर होते. वडील पत्रकार, त्यांनी विषय सोडला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. पुढं २००४ मध्ये बॉस्टनच्या आयसीयूंमध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पारंपरिक लांब ड्युटीच्या वेळापत्रकात इंटर्नांकडून ३६ टक्के जास्त गंभीर चुका होत होत्या.

इथंच थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. पण २०२० मध्ये अमेरिकेतल्याच सहा बालरोग आयसीयूंमध्ये चोवीस तासांची ड्युटी काढून टाकून बघितली, आणि चुका उलट वाढल्या. कारण तास कमी झाले तसे प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला पेशंट जास्त आले. माणसं तेवढीच ठेवून तास कापले की ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं आणि ओव्हर देताना चार गोष्टी वाटेत सांडतात. आमचं पुढं जे झालं ते पाहता हा अभ्यास मला जास्त ओळखीचा वाटतो.

काय केलं

नोटीस दिली नाही. पहिला बदल लॅबच्या फोनचा: आता कुठलाही धोक्याचा आकडा सांगताना पूर्ण नाव, कॉट नंबर आणि आयपीडी नंबर, आणि ऐकणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा. फोनशेजारी दोरीनं बांधलेली वही आहे. तळहातावर लिहायला बंदी, आणि ही बंदी सगळ्यात जास्त मोडतो तो मी.

केसीएलच्या अँप्यूल वॉर्डाच्या ट्रॉलीतून काढून कपाटात गेल्या. काढताना दोन सह्या. सिस्टरांनी सुरुवातीला कुरकुर केली, कारण सही करणारी दुसरी सिस्टर रात्री असतेच असं नाही. मग कॅज्युअल्टीतल्या ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, सही चालेल असं ठरलं.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो ज्याला आम्ही क्षुल्लक समजत होतो त्यातून. त्या रात्री तिनं केलेल्या कामांची यादी केली तर डॉक्टरचीच म्हणावीत अशी कामं निम्मीच निघाली. बाकी नमुने लॅबला पोहोचवणं, रक्ताची पिशवी आणणं, ट्रॉली ढकलणं, पोलिसांना कळवायचे फॉर्म, सरकारी उपचार योजनेसाठी रेशन कार्डाच्या झेरॉक्स गोळा करून फोटो अपलोड करणं. बारा आणि दोनचे ते दोन नमुने राहिले ते या हमालीपायी. इमर्जन्सीच्या रात्री एक जादा मामा आणि एक इंटर्न फक्त धावपळीला मिळाला. त्यासाठी तीन अर्ज आणि दोन महिने लागले.

रात्रपाळीसाठी वेगळी रेसिडेंट ठेवायची, म्हणजे इमर्जन्सीची जेआर रात्री नऊला सुटेल, हा प्रयोग पाच आठवडे टिकला. सप्टेंबरात डेंग्यूची लाट आली, दोन जण आजारी पडले आणि गाडी परत मूळ पदावर आली. टिकलं ते एवढंच की इमर्जन्सीच्या रात्री दोन ते पाचमध्ये प्रत्येकीनं दोन तास आडवं व्हायचं, फोन दुसऱ्याकडे देऊन, आणि उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुठलीही ऑर्डर लिहायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकला घरी, रिक्षानं. रिक्षाचे पैसे युनिटच्या चहाच्या डब्यातून जातात.

मला पहाटे फोन येतात आता. झोपमोड होते. पहिल्या फोनला मी इतका तिरसटपणे ‘हं’ म्हणालो की पलीकडच्यानं “सॉरी सर” म्हणून ठेवूनच दिला. मला परत लावावा लागला.

एक गोष्ट आम्ही केली नाही. अकरा नंबरच्या पाटलांना, त्यांच्या भावाला, सांगितलं नाही. इजा झाली नाही मग कशाला, असं बहुमत पडलं. मी विरोध केला नाही. तीन डायलिसिस झाली, लघवी सुरू झाली, सोळाव्या दिवशी डिस्चार्ज. पूर ओसरला होता. जाताना भाऊ ड्यूटी रूमच्या दाराशी आला, पिशवीत एक किलोचा गुळाचा रवा, घरचा. ती नव्हती, पोस्ट-इमर्जन्सी होती. त्यानं पिशवी माझ्या हातात दिली.

“मॅडमना द्या सायब. त्या रात्री एक मिनिट डोळा लावला न्हाई त्यांनी आमच्यापायी.”